गवतावर बसलेली बोट

माणशी दोन गॅलन शिंपल्या, कवचासकट; जास्त धरायची परवानगी नाही. चार माणसं, आठ गॅलन.

बोटीवर केळी नेत नाहीत, अपशकुन मानतात. ओडेसानं तरीही आणली, म्हणून ती धक्क्यावर गाडीच्या टपावर ठेवावी लागली आणि दिवसभर उन्हात काळी पडत राहिली.

मे महिन्यात धक्क्याच्या खांबाला लागलेला पांढरा रंग अजून निघालेला नाही.

पूर्ण भरती सव्वाआठला. पूर्ण ओहोटी दोन वीसला.

शिंपलीला निळे डोळे असतात, काठाकाठानं, बारीक मण्यांसारखे. जूनीनं गेल्या वर्षी ते मोजायला घेतले, तर शिंपलीनं तिचं बोटच धरलं.

रविवारी दुपारी एक माणूस बोट बघायला येणार आहे, विकत घ्यायला.

यातलं शेवटचं नेवाच्या डोक्यातून जात नव्हतं. स्टीनहॅची नदीच्या मुखातून बोट बाहेर काढताना तिनं चाक इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. तीस उन्हाळे हे चाक तिच्या नवऱ्याच्या, रॉइसच्या, हातात होतं. तीस उन्हाळे तिचं काम पुढच्या टोकाला उभं राहून नांगर टाकायचं, आणि मग सगळ्यांच्या आधी पाण्यात उडी मारायची. रॉइस ऑक्टोबरात गेला. वसंतात तिनं नणंद ओडेसाला बाजूला बसवून सहा रविवार सराव केला. तिसऱ्या रविवारी बोट घासली आणि खांबाला तिचा पांढरा रंग लागला.

मुलाचं, हार्लनचं, म्हणणं सरळ होतं. "आज तू चालव, आई. सगळं नीट झालं तर त्या माणसाला मी येऊ नका सांगतो. नाहीतर उगाच धोका नको. मला रोज तिकडे घरी, क्विटमनला, तुझी काळजी करत बसायला जमणार नाही."

"आणि नीट झालं की नाही हे कोण ठरवणार?"

"तुलाही कळेल, मलाही कळेल."

"परीक्षाच आहे की," ओडेसा म्हणाली. "जूनी, आजीला पेन्सिल दे."

अकरा वर्षांची नात जूनी हसली. हार्लन हसला नाही.

साडेनऊला नेवानं नांगर टाकला. जागा तिनं निवडली, कुणाला न विचारता: किनाऱ्यावरची, उत्तरेकडची पाण्याची उंच टाकी झाडांच्या दोन शेंड्यांमध्ये आली की थांबायचं. खाली पुरुषभर पाणी, तळाला दाट गवत, मधेमधे वाळूचे पांढरे चट्टे. पाण्यात माणसं आहेत असं सांगणारा लाल झेंडा वर चढवला. तिघं चष्मे आणि श्वासाच्या नळ्या लावून, जाळीच्या पिशव्या घेऊन उतरली. बोटीवर एकानं थांबायचं असतं. आता ते एक म्हणजे नेवा.

पहिली अर्धी पिशवी ओडेसाची आली. वय एकाहत्तर, गुलाबी टोपी, शिडीला धरून फुसफुसत.

"गवताच्या मुळाशी नाही, वर पात्यांवरच बसल्यात. आंधळीलाही सापडतील. ये की तू पण."

"मी चालक आहे."

"चालकबाई, मग जरा पाणी द्या प्यायला."

बादली भरत गेली. शिंपल्या कवचं उघडून मिटून टाळ्या वाजवत होत्या, बादलीभर टाळ्या. अकरापर्यंत चार गॅलन. बारापर्यंत साडेसहा. नेवा मोजत होती, पण तिची नजर पाण्यावर होती. पाणी समुद्राकडे चाललं होतं. गवताची पाती त्याच दिशेला निजली होती. बाराला पात्यांची टोकं वर आली आणि विंचरलेल्या केसांसारखी पाण्यावर पसरली.

टोकं वर दिसली की निघायचं, नाहीतर बोट तळाला बसते. हा नियम इथल्या पोरासोरांनाही माहीत असतो.

नेवानं मांस काढायचा चमचा घेतला आणि शिडीच्या नळीवर तीनदा आपटला. हा आवाज पाण्याखाली लांबपर्यंत जातो. जूनी आली. ओडेसा आली. हार्लन दोनशे हात लांब होता. त्यानं डोकं वर काढलं, दोन्ही पंजे पसरून दाखवले आणि पुन्हा खाली गेला.

"दहा," जूनी म्हणाली. "दहा मिनिटं म्हणतोय बाबा."

"हावरट कुठला," ओडेसा म्हणाली.

नांगर उचलायचा, हळूच त्याच्यापर्यंत जायचं, त्याला वर घ्यायचं. एवढंच करायचं होतं. नेवाचा हात किल्लीवर गेला. पण पाण्यात तिचा मुलगा होता, तोंड खाली घालून, कुठेही वळणारा, आणि बोटीच्या मागे इंजिनाचं फिरणारं पातं होतं. तिनं हात काढून घेतला. परत चमचा वाजवला. परत वाजवला.

हार्लन आला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. पिशवी गच्च. आठ गॅलन भरले. तो शिडी चढला आणि बोट त्याच्या वजनानं हलली नाही.

सगळ्यांना एकदमच कळलं. मग ओडेसानं झेंडा उतरवला, कारण पाण्यात आता कुणी नव्हतं.

चौघांनी उतरून ढकलून पाहिलं. शेपटीच्या काट्यानं डंख मारणाऱ्या स्टिंगरे माशावर पाय पडू नये म्हणून जूनी पावलं घासत घासत चालत होती. पाणी मांडीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. बोट जागची हलेना.

"इंजिन अर्धं वर उचल आणि दे जोर," हार्लन म्हणाला. "खाली चिखलच आहे."

"गवत कापलं जाईल."

"आई, सगळं आखात गवतानं भरलंय."

"कापलेला चर वर्षानुवर्षं भरत नाही. शिवाय दंड होतो."

"बाबा असते तर एका झटक्यात काढली असती."

"तुझे बाबा असते," ओडेसा म्हणाली, "तर तू पहिल्या चमच्याला आला असतास."

हार्लननं हात पुढे केला. "किल्ली दे. मी काढतो."

नेवानं किल्ली काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. "पाणी येईल तेव्हा निघू," ती म्हणाली.

मग काय करायचं? बर्फाची पेटी होती, चमचे होते, आठ गॅलन शिंपल्या होत्या. कापडी छपराखाली चौघं गोलात बसली आणि साफ करायला लागली. चमचा आत सारायचा, वरचं कवच काढायचं, काळी घाण झटकून टाकायची, पांढरा गोळा खरवडून पिशवीत. जूनीनं तीन कच्चेच खाल्ले. किनाऱ्यावर ढग चढत होते. नेवा दर थोड्या वेळानं तिकडे बघायची. ढग जमिनीवरच राहिले. तासाभरात बोटीभोवती नुसतं ओलं गवत उरलं आणि त्यावर खेकडे चालू लागले.

"फोटो काढ," ओडेसा जूनीला म्हणाली. "तुझा बाप समुद्रात बोटीनं गेला आणि चालत फिरला."

हार्लन बराच वेळ खाली मान घालून कवचं उघडत होता. शेवटी नेवाच बोलली.

"मी सव्वाबाराला तुला घ्यायला यायला हवं होतं. हात होता किल्लीवर. घाबरले."

"कशाला?"

"तू पाण्यात होतास."

हार्लननं चमचा पुसला. "मी ऐकला होता चमचा," तो म्हणाला. "पहिलाच."

"ठाऊक आहे. पंजे दाखवलेस की."

"खाली इतक्या होत्या, आई. नुसत्या पसरलेल्या."

तीनच्या सुमारास त्याचा फोन वाजला. इतक्या लांब फोन लागतो न लागतो, पण हा लागला. रविवारचा माणूस होता.

"हो, बोटीवरच आहोत," हार्लन म्हणाला. "इंजिन? चांगलं आहे. सध्या बंद आहे... नाही, बिघाड नाही. बसलोय आम्ही. गवतावर... चूक? माझी." तो थांबला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. "रविवारचं मला नाही सांगता येणार. चालक इथेच आहे, तिला विचारा."

त्यानं फोन पुढे केला. नेवाचे हात चिकट होते. ओडेसानं तो तिच्या कानाला धरला.

"रविवारी येऊ नका," नेवा म्हणाली. "नाही, पुढच्याही नको. आम्ही इकडेच असू."

जूनीनं पेटीतलं मांस दाबून बघितलं. चार पाइंट, माणशी एक, ठरलेल्या मापाच्या वरती एक तुकडाही नाही. सव्वाचारला बोटीच्या खाली काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि नेवानं बटण उघडून किल्ली बाहेर काढली.

१९९६ च्या जुलैत रॉइस याच बोटीसकट इथून अर्ध्या मैलावर पावणेपाच तास अडकला होता. हार्लन तेव्हा सात वर्षांचा होता आणि सगळा वेळ झोपला होता.