गाळपेरातला पंचनामा

तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही हरभरा पेरतो. यंदा केदारखेड्याच्या खालच्या अंगाला माझ्या अर्ध्या एकरातला हरभरा बोटभर वर आला, आणि थंडीसोबत ती परदेशी बदकंही आली. मेली दिवसभर पाण्यात लोळतात आणि सकाळी आमचे कोंब मुळासकट उपटतात. शेजारच्या तुकड्यातली अकबरबी आणि मी उजाडताच तेलाचे रिकामे डबे बडवत उभ्या राहायचो.

एके सकाळी बांधावर टोपीवाला माणूस दिसला. गळ्यात दुर्बीण, हातात वही. माझ्या शेताकडे बघायचा, मोजायचा, लिहायचा, फोटो काढायचा. बांधावर उभं राहून वहीत लिहिणारा साहेब आमच्याकडे एकाच कामासाठी येतो, नुकसानीच्या पंचनाम्यासाठी.

"साहेब, सगळं लिवून राह्यले ना?"

"एकही सोडत नाही, ताई. फक्त तो डबा वाजवू नका."

मला बराबर समजलं. नुकसान डोळ्यांनी बघितल्याशिवाय साहेब लोक लिहीत नाहीत.

तीन दिवस मी डबा बाजूला ठेवून हाताची घडी घालून बसले. अकबरबीनं डबा वाजवला की तिच्याकडची बदकंसुद्धा माझ्याकडेच उतरायची.

"बेबीनंदा, येडी झाली का? सगळं खाऊन राह्यलेत ना गं!" ती ओरडली.

"खाऊ दे. साहेबाला दिसू दे बराबर."

इतकी मी शहाणी!

चौथ्या दिवशी शेतात नुसता गाळ उरला. साहेबाचा आनंद मात्र पोटात मावत नव्हता. "ही बदकं म्हणजे पट्टकादंब, ताई, चारशे बारा! इतके कधीच आले नव्हते. तुमचे उपकार."

"मंग पंचनाम्यावर सही कुठं करू?"

"कसला पंचनामा? मी अण्णासाहेब, जालन्यात बँकेत असतो. पक्षी मोजायचा छंद आहे मला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, तो डबा याच्याच टाळक्यात घालावा.

"पाखरं मोजली, माझा हरभरा न्हाई दिसला तुला? माझ्या शेताचं काय लिवलं, दाखव!"

तो मागं सरकला. मी त्याच्या हातातली वही ओढून घेतली आणि वाचली. अक्षर मोठं सुरेख होतं.

'जागा शांत. माणसांचा त्रास नाही. खाद्य मुबलक.'