नंदिनीचा खो

आई गेली तेव्हापासून नंदिनी बोलायचीच बंद झाली होती. नऊ वर्षांची पोर. तिचे वडील हरिदास हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सगळे डॉक्टर करून झाल्यावर त्यांनी तिला वडनेरच्या आमच्या मैदानावर आणून सोडलं. तिथे मी एका परदेशी संस्थेतर्फे मुलांना खो-खो शिकवत होते. जगभरातली हजारो मुलं म्हणे या संस्थेमुळे खेळत होती. मला या एकीचीच पडली होती.

खो-खोत तोंड उघडल्याशिवाय चालत नाही. पाठीवर थाप मारून मोठ्याने 'खो' म्हणावंच लागतं, नाहीतर फाउल. चार महिने नंदिनीने नुसतीच थाप मारली आणि चार महिने मी शिट्टी वाजवायची विसरले. मग एका संध्याकाळी चौकोनात बसलेल्या आकांक्षाच्या पाठीवर तिचा हात पडला आणि आवाज आला, "खो!" आकांक्षा पळायचंच विसरली. मी भर मैदानात रडले.

त्याच आठवड्यात संस्थेचा फॉर्म आला. 'मूल मोकळेपणाने बोलते का?' पाचपैकी गुण द्यायचे. आनंदाच्या भरात मी पाच दिले. मग बाकीच्यांनाही पाच. उगाच कुणाचं मन कशाला मोडा!

महिन्याभराने संस्थेचे धनंजय सर पेढे घेऊन आले. "अभिनंदन, सरिताताई! तुमच्या गावाचं उद्दिष्ट पूर्ण झालं. आता जास्त गरजू गावाकडे जायचं." मी म्हटलं, "अहो, ते पाच खोटे होते. एक लिहा तिला!" पण अहवाल वर गेला होता. मला पुलगावकडे पाठवलं आणि पुढच्या गावाला लागतील म्हणून मैदानातले दोन्ही खांबही उपटून नेले.

दिवाळीनंतर हरिदास मला शोधत पुलगावला आले. "मॅडम, पोरगी पुन्हा गप झाली. मैदान काऊन बंद केलं तुम्ही?"

मी खरं ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही तं चांगलंच लिवलं होतं," ते म्हणाले.

त्यांच्यासोबतच मी वडनेरला आले. बाकीच्या मुली कापूस वेचायला गेल्या होत्या. रिकाम्या मैदानात, पुसट झालेल्या चौकोनात नंदिनी एकटीच उकिडवी बसली होती, मागून कुणीतरी खो देईल म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवून "खो" म्हटलं. ती झटकन उठून पळाली. पुढे पकडायला कुणीच नव्हतं. नियमाप्रमाणे मी तिच्या जागी बसले. खांबाच्या खड्ड्याला वळसा घालून ती माझ्या मागे आली.

पाठीवर थाप पडली. मी वाट पाहत बसून राहिले. आवाज आलाच नाही.