दाराकडे पाठ

संगणकाच्या पडद्यावरच्या निरीक्षकाने तिला खुर्ची पुन्हा सरकवायला लावली.

"मागचं दार पूर्ण दिसलं पाहिजे, मॅडम. आणि पेपर संपेपर्यंत मान वळवायची नाही, उठायचं नाही. मागच्या खेपेचं लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! मागच्या खेपेला याच शेवटच्या पेपरात ती इतक्यांदा दाराकडे वळून पाहत राहिली, की खोलीतलं कुणीतरी उत्तरं पुरवत असावं असा संशय येऊन पेपर रद्द झाला होता. आजची संधी दुसरी आणि नियमाप्रमाणे अखेरची. खोलीत तेव्हा कुणीही नव्हतं, हे ती कुणाला पटवून देणार? महिला कारागृहात रक्षकाची नोकरी करताना तिचे केस पिकायला आले होते, आणि त्या नोकरीने अगदी सुरुवातीला शिकवलेली गोष्ट तिच्या हाडीमाशी मुरली होती. दाराकडे पाठ करून कधी बसायचं नाही.

बराकीतल्या बायका तिला कडीताई म्हणत. कडी घातली की ती दोनदा ओढून पाहायची, म्हणून. तिच्या अभ्यासाची सगळ्यांनाच गंमत वाटे. जेलरसाहेबांनी तर भर हजेरीत विचारलं होतं, "पदवी घेऊन करणार काय? कुलूप इंग्रजीत लावणार?" तिने ते हसण्यावारी नेलं. पदवी हाती आली की सुटून जाणाऱ्या बायकांना काम आणि निवारा मिळवून देणाऱ्या कक्षात तिला जाता येणार होतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून कायमचा उतरवायचा, एवढ्याच ओढीने कारागृह प्रशासन आणि फौजदारी न्यायाचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम तिने ड्युटी, स्वयंपाक आणि सासूचं दुखणं सांभाळत रेटत आणला होता. नवरा गेल्यापासून घरात त्या दोघीच होत्या.

मघाशीच तिने सासूला पुन्हा बजावलं होतं, "आई, मी हाक मारेपर्यंत खोलीतून बाहेर येऊ नका हं. इथे दुसरं कुणी दिसलं, तर पेपर गेलाच म्हणून समजा."

"नाही येत गं. आणि आले तरी मी काय उत्तरं सांगणार तुला? मला माझा चष्मा सापडत नाही."

तिला हसू आलं. सासूच्या खोलीचं दार ओढून घेऊन ती घाईघाईने आपल्या खोलीत आली होती.

पेपर सुरू झाला. पाठीमागे दार आहे ही जाणीव मानेवर मुंगीसारखी फिरत होती. नळ गळला, रस्त्यावर कुणी गाडी सुरू केली, वरच्या मजल्यावर भांडं पडलं, आणि प्रत्येक आवाजाला तिची मान वळू पाहत होती. तिने पाय खुर्चीच्या पायांभोवती अडकवून घेतले आणि लिहीत राहिली.

मग तो आवाज आला. लाकडावर चमचा आपटल्याचा. हलका, थांबून थांबून येणारा.

आधी तिच्या तळहाताला आठवलं, मग तिला. सासूच्या दाराची गार लोखंडी कडी. आणि ती दोनदा ओढून पाहणं.

"अगं," सासूचा आवाज दबका होता, ऐकू जाऊ नये अशा बेताने काढलेला. "मला जरा जायचं होतं."

ती उठली असती, तर सगळं तिथेच संपलं असतं. बराकीतल्या बायका गजांवर ताटली वाजवत, तेव्हा ती लांबूनच म्हणायची, थांबा, येतेच आहे. तेच शब्द आता तिने मनातल्या मनात म्हटले. पडद्यावर पुढचा प्रश्न आला होता. बंदिवासातल्या व्यक्तीची प्रतिष्ठा जपण्यासाठी प्रशासनाची कोणती कर्तव्ये आहेत, ते विचारलं होतं. उत्तर तिला तोंडपाठ होतं. तिची बोटं चालू लागली.

चमच्याचा आवाज थांबला. बराकीत असा आवाज मध्येच थांबला, की ती हातातलं काम टाकून धावत असे. इथे तिने नजर पडद्यावरून ढळू दिली नाही.

"छान, मॅडम," शेवटी निरीक्षक म्हणाला, "या वेळी एकदाही वळला नाहीत."

तिने धावत जाऊन कडी काढली. सासू पलंगाच्या कडेला बसली होती. तिने कपडे बदलले होते. फरशी जुन्या टॉवेलने पुसून घेतली होती, आणि ओल्या कपड्यांची लहानशी घडी कोपऱ्यात, दाराआड ठेवली होती.

"चांगला गेला पेपर?"

"आई, कडी मी मुद्दाम नाही..."

"अगं, हाताची सवय तुझ्या. त्यात काय एवढं?"

"मोठ्याने हाक का नाही मारलीत?"

"तुझा पेपर गेला असता ना."

आपल्याला सगळं ऐकू येत होतं, हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण ओली घडी उचलून ती न्हाणीघराकडे गेली. त्याच संध्याकाळी तिने स्क्रू काढून ती कडी उखडली.

पुढे निकाल लागला. बढतीचा हुकूम निघाला. आता तुमच्याशी जपून बोलावं लागणार, असं म्हणत जेलरसाहेबांनी तिला सगळ्यांना पेढे वाटायला लावले. बराकीतल्या एका म्हातारीने गजांमधून हात बाहेर काढून तिच्या गालांवरून फिरवला. किल्ल्यांचा जुडगा परत करून ती घरी आली, तेव्हा कमर हलकी वाटत होती आणि हात सारखा तिथेच जात होता.

तिने चहा केला, दोन कप मांडले आणि सासूला हाक मारली.

सासूच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. चौकटीवर कडीच्या जागी फिकट पट्टा आणि स्क्रूंची भोकं उरली होती. सासू उंबऱ्याच्या आत, एक पाऊल मागे, हात पुढे जुळवून उभी होती. बराकीतल्या बायका हजेरीला उभ्या राहत, तशी.

"येऊ का बाहेर?" तिने विचारलं. "आज पेपर नाही ना?"

सुनेने दोन्ही कप उचलले, ती आत गेली, आणि पलंगावर सासूला शेजारी घेऊन, दाराकडे पाठ करून बसली.