बरणीत ओतलेले छर्रे

मित्रांनो, मी एक जुनं एअर पिस्तूल आहे आणि मी रागावलेलं आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या नळीच्या आत पीळ घातल्यासारख्या बारीक खाचा कोरलेल्या आहेत. हवेच्या दाबाने शिशाचा छर्रा त्या खाचांतून फिरत बाहेर पडतो, आणि फिरतो म्हणूनच सरळ जातो. मला कुणाला मारायचं नसतं. दहा मीटरवर टांगलेल्या कागदाचा मध्य, एवढंच माझं काम.

मला चिखलीत हिंमतरावांनी आणलं. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सरकीच्या एका रिकाम्या गोदामात नेमबाजीचं केंद्र सुरू केलं होतं. आल्या आल्या त्यांनी मला शिकंज्यात घट्ट आवळलं, म्हणजे हाताचा दोष उरणार नाही, आणि वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे झाडून पाहिले. सगळ्याच डब्यांवर मोठ्या अक्षरांत साडेचार मिलिमीटर लिहिलेलं असतं. पण कडेला एक बारीक आकडा असतो, ४.४९, ४.५० किंवा ४.५१. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. माझ्या नळीला लागतो. ४.४९चा छर्रा मला सैल होतो, त्याच्या बाजूने हवा निसटते. ४.५१चा अंग चेपून घेत कसाबसा जातो. ४.५०चे मात्र एकामागून एक गेले आणि कागदावर एकच भोक पडलं. शेजारच्या पिस्तुलाला दुसराच आकडा मानवला. तेव्हापासून प्रत्येक पिस्तुलाची डबी वेगळी राहू लागली.

मग माझ्याकडे महेजबीन आली. बसस्टँडजवळ गाद्या भरून देणाऱ्या बद्रुद्दीनभाईंची ही मुलगी. शाळा सुटली की दप्तर पाठीवर घेऊनच यायची. मला खूप हातांनी धरलं आहे. काही हात मला आवळतात, काही घाबरतात. तिचा हात नुसता थांबायचा. श्वास सोडायची, थांबायची, आणि चाप कधी दाबला गेला हे मलासुद्धा कळायचं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती पहिली आली तेव्हा बद्रुद्दीनभाईंनी केंद्रातल्या सगळ्यांना जिलबी वाटली. मलाही कुणीतरी हार घातला. ते दिवस आठवले की माझा राग आणखी वाढतो.

कारण पुढे हिंमतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते मोताळ्याला मुलीकडे जाऊन राहिले. केंद्र चिटणीस शेखर यांच्या हाती आलं. एक दिवस मोठे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. कपाटातल्या मळक्या, अर्धवट डब्या शेखरना बऱ्या दिसेनात. त्यांनी सगळ्या डब्या एका काचेच्या बरणीत रिकाम्या केल्या. बरणी टेबलावर मांडली आणि शेजारी फुलदाणी ठेवली. शिसं मऊ असतं, मित्रांनो. आकडे तर एकमेकांत मिसळलेच, शिवाय पडता पडता कित्येक छर्ऱ्यांना पोचे आले.

महेजबीनने विचारलं होतं. हे लक्षात ठेवा, तिने विचारलं होतं. ‘‘सर, माही डबी कुठी हाय?’’

शेखर म्हणाले, सगळे साडेचारचेच आहेत, नखरे कमी कर.

त्याच बरणीतले छर्रे घेऊन आम्ही अमरावतीला विभागीय स्पर्धेला गेलो. शालेय गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. हात तोच होता, श्वास तोच होता. एक छर्रा दहाच्या वर्तुळात जाई, पुढचा उगीचच नऊच्या. ती मला खाली ठेवी, हात पुशी, पुन्हा उचली. मी आतून ओरडत होतं, पण लोखंडाचं कोण ऐकतं? राज्याच्या संघातली जागा एका गुणाने गेली.

परतीच्या एसटीत सगळ्या मुलींसमोर शेखर म्हणाले, मोठ्या ठिकाणी हात कापतातच, सगळ्यांच्यात ती छाती नसते. महेजबीन माझी पेटी मांडीवर घेऊन बसली होती. तिला ते खरं वाटलं. या गोष्टीचा मला पराभवापेक्षा जास्त राग आहे.

तिने येणं बंद केलं. मला कपाटात टाकलं गेलं आणि माझ्या नळीत धूळ बसू लागली.

काठी टेकत हिंमतराव परतले तेव्हा त्यांची नजर आधी बरणीवर गेली. अमरावतीला आणि एसटीत काय झालं, हे त्यांना मुलींकडून कळलं होतं. त्यांनी मला पुसलं, शिकंज्यात आवळलं आणि बरणीतले छर्रे झाडले. कागदावर भोकं विखुरली. मग त्यांनी नवी डबी फोडली, ४.५०ची. एकच भोक. दोन्ही कागद आणि मला घेऊन ते थेट बद्रुद्दीनभाईंच्या घरी गेले.

महेजबीन कागदांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘काका, म्हंजे माहा हात कापत नव्हता?’’

‘‘नाही पोरी. तुहा हात जरा बी हालला नाही.’’

ती रडेल असं मला वाटलं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, ‘‘चला.’’

केंद्रात मुली सराव करत होत्या. हिंमतरावांनी कागद टेबलावर ठेवले. शेखरनी ते पाहिले, घसा खाकरला आणि मुलींना सांगितलं, त्या वेळी थोडा गैरसमज झाला होता.

‘‘गैरसमज नाही, सर,’’ महेजबीन म्हणाली. ‘‘मी इचारलं व्हतं. तुमी डब्या एकत्र ओतल्या, अन् नाव माह्या हाताचं घेतलं. तसंच सांगा.’’

मुली बघत राहिल्या. मान खाली घालून शेखरनी तसंच सांगितलं.

संघातली जागा परत मिळाली नाही. ती कशी मिळणार? पुढच्या वर्षी तिचं वय उलटलं. आता ती खुल्या गटात खेळते, दुसऱ्या नव्या पिस्तुलावर, आणि चांगली खेळते असं कानावर येतं. माझ्यावर लहान मुली शिकतात.

मित्रांनो, आमची नळी साफ ठेवा, आमच्या डब्या वेगळ्या ठेवा, हे तर मी सांगीनच. पण त्याआधी दुसरं ऐका. एखाद्याचा नेम चुकला तर त्याच्या छातीला नावं ठेवू नका. आपण त्याच्या हातात काय दिलं होतं, ते आधी तपासा. आणि कुणी ‘माझी डबी कुठे आहे’ असं विचारलं, तर त्याला नखरे म्हणू नका. उठा आणि शोधून द्या.