मनकर्णाबाईची धुळवड

पंजाबरावांच्या घरी धुळवडीला बोकड पडायचा, तो त्यांच्या आजाच्या काळापासून. कापायचा गावचा मुलाणी, रांधायची घरातली थोरली सून, आणि कुणाच्या पानात काय पडायचं तेही ठरलेलं. काळीज कर्त्या पुरुषाला, मांडीचं मटण पाहुण्यांना, मुंडी आणि पाय सालावर राबणाऱ्या सालदारांना. बायकांनी शेवटी बसायचं, पातेल्यात राहील ते खायचं. विधवेला काहीच नाही.

मनकर्णाबाई त्या घरातली थोरली सून. बारा वर्षांपूर्वी नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. धाकटे दीर पंजाबराव कर्ते झाले, पण धुळवडीचं मटण तिच्याचकडे राहिलं, कारण तिच्या हातची चव दुसऱ्या कुणाला साधत नव्हती. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजून ती पाट्यावर बारीक वाटायची, वासावरून तिखटाचा अंदाज घ्यायची. मीठ मात्र धाकटी जाऊ कोकिळा चाखून सांगायची. पंगत उठली की मनकर्णाबाई हात धुऊन कोपऱ्यात बसायची आणि पिठल्याशी भाकर खायची. माहेरी याच बाईनं नळीच्या तुकड्यासाठी भावांशी मारामाऱ्या केल्या होत्या. ते बारा वर्षांत तिनं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

त्या साली होळीच्या आठ दिवस आधी चिखलीला समाजाची मोठी सभा भरली. बुलढाण्याचे वकील उत्तमराव अध्यक्ष होते. सणासुदीला मांस शिजवायचं नाही, म्हणजे समाज एक पायरी वर चढेल, असा ठराव झाला आणि पंजाबरावांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. घरी आल्यावर बैलांच्या धमणीतून उतरता उतरताच त्यांनी सांगून टाकलं.

"यंदापासून बोकड बंद. धुळवडीले वकीलसाहेब सोता जेवाले येऊन राह्यले. शिरा-पुरी करा."

मनकर्णाबाई अंगणात बोकडाला पाला घालत होती. तिनं माहेराहून आणलेल्या शेळीच्या पोटचा बोकड होता तो.

"भाऊजी, त्या सभेत बाया होत्या काय?" तिनं विचारलं.

"बायाचं तिथं काय काम?"

"मंग तो ठराव माह्या नावाचा नाई. बोकड माह्या शेळीचा हाय. मी कापून रांधीन."

"रांधान, पण खाईन कोण? घरातलं कोणी शिवणार नाई."

"मी खाईन."

पंजाबरावांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी कोकिळेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"वयनी, तुमी विधवा बाई. तुमाले चालते काय ते? दादा गेल्यापासून तुमी सोडलं नं?"

"तुमी सोडलं ते आपल्या मर्जीनं. मले सोडायले लावलं. दोन्ही एक नाई, भाऊजी. तुमी खात होते तवा मले म्हटलं, खाऊ नको. आता तुमाले नाई खायचं, तरी मीच नाई खायचं. म्हणजे माह्यं खाणं कवा हाय?"

पंजाबराव तडक घरात गेले. बाई चार दिवसांत निवळेल, असं ते धरून चालले.

धुळवडीच्या सकाळी मुलाणी दारात येऊन घुटमळला. ठरावाची बातमी त्याच्याही कानावर होती. "मीच बोलावलं," मनकर्णाबाई म्हणाली, आणि बोकडाचं दावं स्वतः सोडून त्याच्या हाती दिलं. गल्लीत माणसं रंग खेळत होती. सगळ्यांसमोर भावजयीशी ओढाताण नको, म्हणून पंजाबराव ओसरीवरच दात आवळून बसले.

स्वयंपाकघरात तिला चूल मिळाली नाही. तिनं गोठ्यात तीन दगड मांडले, पातेलं चढवलं आणि पाटा तिथंच ओढून नेला. मटण शिजलं तेव्हा चव पाहायला कोकिळा नव्हती. ती आत पुऱ्या तळत होती. मनकर्णाबाईनं पळीवर थोडा रस्सा घेतला. तिनं रस्सा जिभेवर घेतला. मीठ कमी होतं. तिनं चिमूटभर टाकलं, परत चाखलं, आणि मग काळजाचा तुकडा काढून सावकाश चावून खाल्ला. तेवढ्यात ओसरीवर पाट मांडल्याचा आवाज आला.

उत्तमराव वकील जेवायला बसले होते. शिऱ्याचा पहिला घास घेताच त्यांना वास आला.

"शेजारी कुणाकडे शिजतंय वाटतं?"

"हाव, शेजारीच," पंजाबराव म्हणाले.

मनकर्णाबाईनं ते ऐकलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि तशाच खरकट्या हातानं ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. ओसरीवरच्या पाहुण्यांसमोर ती बारा वर्षांत आली नव्हती.

"शेजारी नाई, वकीलसाहेब. याच घरात. मी रांधलं, मीच खाऊन राह्यली."

उत्तमराव सावरून बसले. "बाई, हे सगळं समाजाच्या भल्यासाठी आहे. उद्या मोठ्या लोकांच्या पंगतीला आपल्याला बसायचंय."

"त्या पंगतीत मले कोण बसवते? आपल्याच पंगतीत माह्यं पान नव्हतं. ते आज मी मांडलं. तुमी तुमचा शिरा खा, म्या काई म्हटलं काय?"

एवढं बोलून ती गोठ्यात परतली आणि भाकर कुस्करून पोटभर जेवली. वकीलसाहेबांनी दुसरी पुरी घेतली नाही. ते गेल्यावर पंजाबराव गोठ्याच्या दारात आले.

"उद्यापासून तुमची चूल वेगळी."

"मांडलीच हाय," ती म्हणाली.

दुपारी सालदार आले. त्यांना तिनं मुंडी-पाय न देता मांडीचं मटण वाढलं. ते आधी घेईनात, मग मात्र मागून मागून जेवले. दिवस कलताना कोकिळा मागच्या दारानं आली, गव्हाणीपाशी बसून दोन वाट्या रस्सा प्याली आणि तोंड पुसून परत गेली.

पंजाबराव आखाजीच्या सणापर्यंत, चांगला दीड महिना, भावजयीशी बोलले नाहीत. त्यांनी ठराव पाळला. पुन्हा मटणाला शिवले नाहीत. मनकर्णाबाईनंही आपली धुळवड सोडली नाही. तिसऱ्या साली गल्लीतल्या मंजुळाबाई, साठी उलटलेली विधवा, काठी टेकत गोठ्यात आल्या आणि म्हणाल्या, "दात नाईत वो मले." मनकर्णाबाईनं पातेल्याखाली आणखी दोन लाकडं सारली आणि त्यांना बसायला पोतं अंथरून दिलं.