मुलगा शांत आहे

२००६च्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी दुपारी, पोलिसांच्या लायसन्सिंग विभागातली एक बाई माझ्या लेस्टरच्या फ्लॅटवर आली आणि मला बंदूक द्यावी की नाही हे ठरवायला माझ्या सोफ्यावर बसली. मिसेस हॉब्डे. तीन वर्षांत त्या सोफ्यावर बसलेली ती दुसरी व्यक्ती. पहिला होता सोफा पोचवायला आलेला माणूस. तो टिकतो का, हे बघायला बसला होता.

बंदूक मला कोणावर झाडायची नव्हती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या कीथने जुलैत एका रविवारी मला गावाबाहेरच्या एका शेतावर नेलं होतं. आधी त्याने चौघांना विचारलं होतं, मी पाचवा. तिथे मातीच्या बशा हवेत उडवतात आणि माणसं त्या शॉटगनने फोडतात. बशीने काही केलेलं नसतं. क्लबची बंदूक घेऊन मी पंचवीसपैकी चौदा फोडल्या. तीन अनोळखी माणसं "वेल डन" म्हणाली आणि एकाने खांद्यावर थाप मारली. ती थाप मला बुधवारपर्यंत पुरली.

पण क्लबचा नियम असा की पाहुणा म्हणून तीनदाच यायचं. चौथ्यांदा यायचं तर सभासद व्हायचं, आणि सभासदाकडे बंदुकीसाठी पोलिसांचं सर्टिफिकेट हवं. माझे तीन रविवार सप्टेंबरात संपले. पुढच्या रविवारी मी वॉशिंग मशीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी अर्ज भरला.

अर्जावर ओळखीच्या माणसाची सही लागते. तो नातेवाईक नको, किमान दोन वर्षांची ओळख हवी आणि समाजात पत हवी. मी आठवून पाहिलं. अशी इंग्लंडमध्ये मला एकच व्यक्ती सापडली, डॉ. सुप्रभाकाकू. रिटायर्ड जीपी. इथल्या महाराष्ट्र मंडळाची वधू-वर यादी त्या सांभाळतात आणि मी त्या यादीत अडीच वर्षं आहे.

"काकू, एक सही हवी होती."

"कशावर?"

"बंदुकीच्या अर्जावर."

"नोकरी आहे ना रे तुझी?"

"आहे."

"मग बंदूक कशाला?"

"मातीच्या बशा फोडायला."

"बरं. शनिवारी ये. साबुदाण्याची खिचडी करते, सहीही करते."

तर मिसेस हॉब्डे. आधी तिने भिंतीला बोल्टने ठोकलेलं पोलादी कपाट तपासलं. बंदूक अजून यायची होती म्हणून मी त्यात मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली होती. तिने कपाट उघडलं, वास घेतला, आणि बंद केलं.

"चावी कोणाकडे असते?"

"फक्त माझ्याकडे."

"दुसरं कोणी उघडू शकतं?"

"दुसरं कोणी इथे येतच नाही."

"उत्तम," असं म्हणत तिने फॉर्मवर बरोबरची खूण केली. माझ्या राहणीला मिळालेली ती पहिलीच बरोबरची खूण.

मग सोफ्यावर येऊन तिने फाइल उघडली. "अर्जावर सही करणाऱ्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. त्यांनी तुमचं फार कौतुक केलं. काही वाक्यं वाचू?"

"वाचा ना." मी सावरून बसलो.

"'मुलगा अतिशय शांत आहे. कोणात मिसळत नाही. मित्र नाहीत, त्यामुळे वाईट संगतीचा प्रश्नच नाही. ऑफिस ते घर, घर ते ऑफिस. मुलींशी बोलत नाही. राग आला तरी कधी दाखवणार नाही, सगळं मनात ठेवतो. आई सांगेल ते करतो.'" तिने चष्मा काढला. "मिस्टर गोगटे, हे वर्णन मी बऱ्याच वेळा वाचलंय. पेपरात. सगळं घडून गेल्यावर, शेजाऱ्यांच्या तोंडून."

"ते लग्नासाठी आहे," मी म्हणालो.

"कोणाच्या?"

"अजून कोणाच्या नाही."

मी तिला वधू-वर यादी समजावून सांगितली. कोणी चौकशी केली की काकू वही उघडून माझी नोंद वाचतात. चार कुटुंबांना वाचून दाखवली होती, पाचवे पोलीस. मिसेस हॉब्डेने शांतपणे ऐकून घेतलं. पण खरं सांगायचं तर ती वाक्यं ऐकताना मलाही वाटलं होतं की या माणसाला बंदूक देऊ नये.

"मन ठीक नसेल तेव्हा तुम्ही कोणाशी बोलता?" तिने विचारलं.

"आईशी. दर रविवारी, पुण्याला फोन करतो."

"काय सांगता?"

"सगळं छान चाललंय."

तिने लिहून घेतलं. "आणि इथे? तुम्ही चार दिवस दिसला नाहीत, तर कोणाच्या लक्षात येईल?"

इथे कीथचं नाव घ्यायला काहीच हरकत नव्हती. जिभेवर आलंही होतं. पण मी दोन आठवडे सुट्टी घेऊन पुण्याला जाऊन आलो होतो तेव्हा कीथने विचारलं होतं, "लंचला गेला होतास का?"

"ऑफिसातल्या सर्व्हरच्या," मी म्हणालो. "सोमवारी मी बॅकअपची टेप बदलली नाही, तर साडेनऊला त्याच्याकडून ईमेल जातो."

"कोणाला?"

"मला."

तिने पेन खाली ठेवलं. हसली असती तर बरं झालं असतं, मी विनोद म्हणून खपवलं असतं.

"मी नकार लिहिला तर तो रेकॉर्डवर राहील," ती म्हणाली. "त्यापेक्षा तुम्हीच अर्ज मागे घ्या. तुम्हाला ओळखणारी दोन माणसं झाली, की परत करा."

"पण माणसं तिथे क्लबात आहेत. तिथे जायला सर्टिफिकेट लागतं. आणि सर्टिफिकेटला माणसं लागतात."

"हो," ती म्हणाली. "ते लक्षात आलं माझ्या." तिने चहा संपवला. जाताना दारात थांबली. "बंदूक न चालवणारी माणसंही क्लबला लागत असतील. विचारून बघा."

मी अर्ज मागे घेतला. काकूंना फोन केला.

"काकू, तुम्ही त्या पोलिसांच्या बाईंना काय सांगितलंत?"

"बर्मिंगहॅमच्या देवस्थळींना सांगितलं तेच. चांगला अर्धा तास बोलले मी तुझ्याबद्दल!"

"त्या घाबरल्या."

"शांत मुलाला? कमाल आहे बाई. मग काय, दंगेखोर आहे म्हणून सांगायचं होतं?"

"चाललं असतं. देवस्थळींचं काय झालं?"

"नाही म्हणाले रे. मुलीला बोलका हवाय."

मग क्लबच्या सेक्रेटरीला फोन केला. तो म्हणाला, बटणावर माणूस हवाच आहे. नेमबाज "पुल!" असं ओरडला की बटण दाबायचं आणि बशी उडते. त्याला सर्टिफिकेट लागत नाही.

आता दर रविवारी मी नेमबाजांच्या मागे एका पत्र्याच्या आडोशाला बटण घेऊन उभा असतो. पाऊस असतोच. सकाळपासून वीस-पंचवीस माणसं आळीपाळीने माझ्यासाठी ओरडतात, पण बघतात आकाशाकडे. बशी फुटली की बंदुकीचं कौतुक होतं. चुकली, तरच ते मागे वळतात.

परवा कीथने सलग चार चुकवल्या. चारही वेळा मागे वळून, माझ्याकडे बघून, माझ्या बटणाबद्दल काहीबाही बोलला. लवकर दाबलंस, उशिरा दाबलंस, झोपलायस का. ऑफिसात तीन वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

पाचव्या वेळी तो ओरडला. मी बटण दाबलं, आणि ही पण चुकू दे असं मनापासून म्हटलं.

फुटली.