सोमवारची निळी गोळी

हिंगणीच्या कोकिळाबाईंनी महादेवाशी केलेला नवस साधा होता. लेक आचल धावण्यात पुढे जाऊन पुण्याच्या खेळाच्या वसतिगृहात निवडली जाईल, तोवर मायलेकी सोमवार धरतील. आचलला विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. ती पोर विचारावं लागेल अशी नव्हतीच. आईनं सांगितलं की मान डोलवायची.

तेव्हा ती चौदाची होती. बोर धरणाच्या रस्त्यानं पहाटे धावायची; गावातली पोरं सायकलनं तिला गाठू पाहत आणि दम लागून थांबत. सोमवारी घरी आली की चहा आणि एक केळ, मग थेट दिवेलागणीला जेवण. पुढे चतुर्थीचा उपास आला, गुरुवारचा आला. पोरगी फिक्कट दिसू लागली तेव्हा शेजारच्या माधवीनं हटकलंही. कोकिळाबाई म्हणाल्या, "अंग हलकं असलं तं पाय जोरात पयते. तुले काय समजते धावण्यातलं?" जसं काही त्यांना स्वतःला फार समजत होतं.

गेल्या बुधवारी वर्ध्याच्या मैदानावर निवडीची शर्यत झाली. पहिल्या तिघी पुण्याला जाणार होत्या, आणि पुढल्या वर्षी आचल वयात बसणार नव्हती. दुसऱ्या फेरीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. कोकिळाबाई हातात नारळ घेऊनच उभ्या होत्या. मग वळणावर आचल पायातला काटा काढायला बसावं तशी खाली बसली आणि आडवी झाली. बाकीच्या पोरी तिला वळसा घालून पुढे गेल्या.

दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बारा हवं तिथे सहा निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एखाद्या उपासानं असं होत नाही. पण वाढतं वय, दर महिन्याला जाणारं रक्त, एवढं धावणं आणि पोटात काही नाही. "शाळेत दर सोमवारी लोहाची गोळी देतात. ती घेत नव्हती का?"

कोकिळाबाईंना गोळीचं काही आठवेना. रविवारी कपडे आणायला त्या घरी गेल्या, तेव्हा आचलच्या कपाटात जुनी कंपासपेटी सापडली. निळ्या गोळ्यांनी ती गच्च भरली होती. पेटी तशीच पदरात बांधून त्या सोमवारी सकाळी दवाखान्यात परतल्या.

"काऊन नाई खाल्ल्या वं माय?"

"शाळेतल्या जागृती मॅडम म्हणे, जेवून घेजा. सोमवारी जेवण कुठं राहे माह्यं? एक डाव संध्याकाळी घेतली तं मळमळ झाली. तूच म्हटलं, गरम पडते, राहू दे."

म्हटलं होतं. कोकिळाबाईंना ते शब्द, चुलीसमोरची ती संध्याकाळ, सगळं लख्ख आठवलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं कोणीतरी तोंडावर म्हणावं, चार शिव्या द्याव्यात, असं त्यांना वाटत होतं. नवरा रूपराव खिडकीशी पाठमोरा उभा होता. पोरीसमोर रडायचा हक्कही आपल्याला उरला नाही हे त्यांना कळत होतं.

बाराच्या सुमारास जेवण आलं. वरण, पालकाची भाजी, पोळी, उकडलेलं अंडं. आचलनं ताटाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, आज सोमवार हाय ना?"

"असू दे. जेव तू. आता सोमवार नाई."

"पण माही निवड कुठं झाली? नवस तं तसाच हाय अजून."

कोकिळाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. त्यांचा स्वतःचाही उपास होता. पहिला घास त्यांनी आपल्या तोंडात घातला आणि गिळला, पोरीला दिसेल असा. दुसरा पुढे केला.

"खाय," त्या म्हणाल्या.

आचलनं तोंड उघडलं. आई सांगेल ते करायची तिला सवयच होती.